बाबारावांची बंदिश

दीपमालाने घरी जायचा रस्ता बदलला होता. त्याला कारण भूत होतं, पण हे ती कोणाला सांगू शकत नव्हती. रायपूरच्या शंकर नगरातल्या सरकारी ऑफिसात फायली उपसणारी अडतीस वर्षांची बाई भुताला घाबरून दोन चौकांचा वळसा घेते म्हटल्यावर लोक हसलेच असते. त्यातून हे भूत दिसायचंही नाही. नुसतं गायचं.

झालं असं, की एका संध्याकाळी चौबे कॉलोनीतल्या एका माडीवरून तिला कोणा मुलीचा रियाज ऐकू आला. ‘धूल उड़त है, बाट न सूझे.’ ही बंदिश तिच्या वडिलांची, बाबाराव गजभियेंची. बाबाराव जाऊन तीन वर्षं झाली होती, आणि एक वेळ सोडली तर त्यांची एकही रचना घराबाहेर कधी कोणी गायल्याचं तिला माहीत नव्हतं. त्या एका वेळेबद्दल पुढे बोलायचंच आहे. पिशवी हातात धरून दीपमाला रस्त्यात खिळून उभी राहिली. मुलगी अंतऱ्यावर आली, अकराव्या मात्रेवर जराशी थांबली, आणि तेवढ्या जागेत दीपमालाच्या छातीने आपसूक श्वास ओढून घेतला. मागे बाबा उभे आहेत आणि खांद्यावर बोटाने ताल मोजताहेत, असं तिला इतकं स्पष्ट वाटलं की तिने वळून पाहिलं. मागे गुपचूपवाला, म्हणजे पाणीपुरीवाला होता. त्याच्या ठेल्याभोवती चार कॉलेजच्या पोरी पाणी तिखट कर म्हणून त्याच्या मागे लागल्या होत्या.

रस्ता बदलून काही उपयोग झाला नाही. गणपतीत एका सोसायटीच्या भोंग्यावरून तीच बंदिश आली. मग ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी मुलीच्या गाण्याचा व्हिडिओ कौतुकाने दाखवला, त्यातही तीच. खाली लिहिलेलं असायचं, पारंपरिक. तो शब्द वाचला की ती नजर वळवायची, कारण तो शब्द तिनेच त्या बंदिशीला चिकटवला होता.

बाबाराव मूळचे तुमसरकडचे, रायपूरजवळ सिलतऱ्याला स्पंज आयर्नच्या कारखान्यात भट्टीवर ऑपरेटर. गुरू नाही, घराणं नाही. होता तो एक रेडिओ आणि दोन पट्ट्या मुक्या झालेली एक जुनी पेटी. पाळीच्या भानगडीत रेडिओचा कार्यक्रम बहुतेकदा अर्धाच ऐकायला मिळे आणि रागाचं नाव हुके, मग ते आपलं नाव ठेवायचे. एका रागाचं नाव ‘दुसरी पाळी’, एकाचं ‘भट्टी बंद’. कारखान्यातल्या मोठ्या पंख्याची घरघर हाच त्यांचा तानपुरा. आठ तास ती कानात भरून घ्यायची, तिच्यावर मनातल्या मनात रचायचं आणि घरी येऊन लिहायचं. लिहायला कारखान्यातून रद्दीत निघालेली लॉगशीटं. त्यांवर दर तासाच्या तापमानासाठी चोवीस रकाने आखलेले असत. त्यातले सोळा तीनतालाला, उरलेल्या आठांत किराण्याची यादी.

गळा मात्र भट्टीच्या धुळीने कधीच गेला होता. म्हणून गळा दीपमालाचा. आठव्या वर्षापासून ती त्यांची रचना गाऊन दाखवायची आणि ते डोळे मिटून ‘पुन्हा’ म्हणायचे. अकराव्या वर्षी तिला दमा लागला. कारखान्यालगतच्या त्यांच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, दोरीवरचे कपडे झटकल्याशिवाय घरात आणता येत नसत, तिथे छातीचं काय होणार. ‘धूल उड़त है’चा अंतरा लांब होता आणि अकराव्या मात्रेवर तिचा दम तुटायचा. बाबाराव रागावले नाहीत. दोन दिवस वहीत डोकं खुपसून बसले आणि ती मात्रा रिकामी करून टाकली. पोट्टीच्या श्वासाची जागा, असं म्हणून ते स्वतःवरच खूश होऊन हसले होते.

आता ती एक वेळ. दीपमाला एकोणीस वर्षांची असताना कॉलेजांची गायनस्पर्धा झाली. परीक्षक होते गंगाधरराव देवपुजारी. अर्धं रायपूर त्यांच्याकडे शिकलेलं, उरलेलं अर्धं शिकलो म्हणून सांगणारं. प्रत्येक मुलगी गाण्याआधी कानाला हात लावून गुरूचं नाव घेत होती. दीपमालाची पाळी आली. बाबाराव पाळी संपवून थेट आले होते आणि शेवटच्या रांगेत बसले होते, शर्टाची कॉलर काळी, पायात कारखान्याचे बूट. गंगाधररावांनी विचारलं, बंदिश कोणाची? सगळं सभागृह वळून आपल्या बापाकडे पाहील, बूट पाहील, आडनाव ऐकेल, हे तिच्या डोळ्यांपुढे आलं आणि तिची जीभ परस्पर म्हणून गेली, “पारंपरिक.”

तिचा पहिला नंबर आला. गंगाधररावांनी बंदिश तिच्याकडून उतरवून घेतली आणि अकराव्या मात्रेवरच्या त्या थांब्याचं केवढं कौतुक केलं. जुन्या उस्तादांची नजर अशी असते, म्हणाले. घरी जाताना स्कूटरवर बाबाराव एवढंच बोलले, की पहिली आली ना, मंग झालं. त्यानंतर दीपमाला गायली नाही. शपथबिपथ घेतली नव्हती, गळा उघडायचाच नाही. बाबारावांनीही पुन्हा कधी गा म्हटलं नाही. ते लिहीत मात्र राहिले.

मग एके दिवशी दुपारी श्रावणी तिच्या ऑफिसात येऊन उभी राहिली. ही गंगाधररावांची नात. आता क्लास तीच चालवते, आणि तो चौबे कॉलोनीतल्या त्याच माडीवर. आजोबा ब्याऐंशी वर्षांचे झाले, त्यांनी जमवलेल्या बंदिशींचं पुस्तक सोमवारी छापायला जाणार होतं. “दीदी, आजोबा बोलते हैं, ही बंदिश त्यांनी पहिल्यांदा तुमच्याकडूनच ऐकली,” ती म्हणाली. “तुम्ही कोणाकडून शिकल्या? नाव मिळालं तर टाकू, नहीं तो पारंपरिक लिख देते हैं.”

एकोणीस वर्षांनी दीपमालापुढे तोच प्रश्न. सोमवारी सकाळी माडीवर येऊन सांगते, एवढंच ती कसंबसं म्हणाली. श्रावणी गेल्यावर तिने समोरची फाईल मिटून टाकली. पुस्तकात एकदा ‘पारंपरिक’ छापून आलं की बाबा दुसऱ्यांदा गेले, आणि या वेळचं जाणं कायमचं, हे तिला लख्ख कळत होतं. नुसत्या तोंडच्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार? पण बाबांच्या वह्या होत्या. प्रत्येक रचनेच्या डोक्यावर ते ठसठशीत अक्षरात लिहायचे, ‘रचना : बाबाराव गजभिये, सिलतरा’. तो पुरावा पुरेसा होता.

रविवारी ती आईकडे गेली. शांताबाई अजून त्याच पाऱ्यातल्या घरात एकट्या राहत. त्या ओट्यावर लाल भाजी निवडत बसल्या होत्या. दीपमालाने पलंगाखालची लोखंडी पेटी ओढली. लॉगशीटांच्या वह्या सुतळीने शिवलेल्या होत्या, कडांना काळी धूळ अजून तशीच. पहिल्याच वहीत ‘धूल उड़त है’ सापडली. वर नाव होतं, पण त्यावर काळ्या पेनाच्या तीन जाड रेघा अशा मारलेल्या होत्या की परक्याला एक अक्षरही लागू नये. खाली बाबांच्याच अक्षरात लिहिलं होतं, ‘पारंपरिक’.

तिने पान उलटलं. तिथेही तेच. पुढच्या पानावर, पुढच्या वहीत, सगळीकडे. नंतरच्या वह्यांत तर नाव लिहिण्याच्या भरीसच ते पडले नव्हते, सरळ ‘पारंपरिक’ लिहूनच सुरुवात. एकेचाळीस रचना, आणि कशावरही कर्त्याचं नाव नाही. तिने हाक मारली तशा शांताबाई आत आल्या, उघडी पेटी पाहिली आणि दारातच टेकल्या.

“तू पहिली आली ना, त्याच दिवशी बसले ते खोडाले,” त्या म्हणाल्या. “जेवले बी नाही. मी म्हटलं, काहून मिटवून राहिले सोताचं नाव? तर म्हणे, पोट्टीनं भरल्या सभेत सांगतलं, आता उद्या कोणी वही पाह्यली तर थे लबाड ठरते. माया पोट्टीले कोणी लबाड म्हणू नये.”

“आणि तू मले सांगतलं नाही?”

“नको म्हणे सांगू. हव म्हटलं मी.”

दीपमालाला आधी राग आला, सणसणीत राग. तिने न मागितलेली ही माया तिच्या छातीवर दगडासारखी येऊन बसली होती. बाबांनी एकदा तरी रागवायचं होतं, एकदा तरी थोबाडीत मारायची होती, म्हणजे तिने तेव्हाच रडून खरं सांगून टाकलं असतं. मग तिला दिसले ते कारखान्याच्या बुटांतच बसलेले, एकेका पानावर स्वतःला खोडणारे बाबा, आणि ती वह्यांवर ओणवी होऊन रडली. शांताबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि रडू दिलं.

सोमवारी सकाळी ती वह्या घेऊन माडीचा जिना चढली. गंगाधरराव खिडकीशी खुर्चीत बसले होते. दृष्टी मंदावलेली, पण ताठा शाबूत. श्रावणीने वही त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी भिंग धरून पान वाचलं आणि समाधानाने मान डोलावली.

“पारंपरिकच लिहिलंय की. अक्षर कोणाचं, वडिलांचं? त्यांच्यापर्यंत कुठून तरी आली असणार.”

चला, सुटलो, असं श्रावणीच्या चेहऱ्यावर आलं. दीपमालाने नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. बाबांनी तिच्यासाठी दार इतकं नीट उघडं ठेवलं होतं, की त्यातून निघून जायला काहीच करावं लागत नव्हतं. तिने पुढे होऊन त्या काळ्या रेघांवर बोट ठेवलं.

“ते खोटं आहे,” ती म्हणाली. “मी तुमच्यासमोर खोटं बोलले होते. बंदिश माझ्या बाबांची आहे. माझं खोटं उघडं पडू नये म्हणून त्यांनी स्वतःचं नाव खोडलं.”

मग तिने सगळं सांगितलं. कॉलर, बूट, आडनाव, काहीही गाळलं नाही. गंगाधररावांच्या कपाळावर आठ्या चढत गेल्या. भट्टीवरच्या ऑपरेटरने, गुरूवाचून, ही बंदिश रचली हे त्यांच्या गळी उतरेना. अकराव्या मात्रेवरच्या जागेचं काय, त्यांनी विचारलं. एकोणीस वर्षं शिष्यांना त्या जागेवरून ते उस्तादांच्या गोष्टी सांगत आले होते. दीपमालाने दम्याचं सांगितलं. त्यांचं समाधान झालं नाही. दुसरं काही असेल तर गाऊन दाखव, म्हणाले.

गाऊन दाखव. तिने हाताला लागली ती वही उघडली. राग ‘भट्टी बंद’. आवाज गंजलेला, वरचा षड्ज फाटला. श्रावणीने पेटीवर हळूच स्वर धरला. स्थायी झाली, अंतऱ्यात लांब ओळ आली, आता दम पुरायचा नाही असं वाटलं त्याच ठिकाणी रकाना रिकामा होता. तिने श्वास घेतला. दुसरी रचना काढली, तिथेही. तिसरीतही. गंगाधरराव आता पुढे झुकून ऐकत होते. त्यांनी वही मागून घेतली, लॉगशीटच्या कोपऱ्यातली तारीख भिंगाखाली धरली आणि विचारलं, की तू गाणं कधी सोडलंस?

तिने साल सांगितलं.

“ही त्यानंतर सात वर्षांनी लिहिली आहे,” ते म्हणाले. “तरी जागा ठेवली आहे.”

ती गाणं सोडून बसली होती आणि ते तिच्या श्वासासाठी मात्रा रिकाम्या ठेवत होते, वर्षानुवर्षं, कोणी गाणार नाही अशा ओळींत. गंगाधररावांनी चष्मा काढून पुसला. एकाच माणसाचं काम आहे आणि मोठ्या माणसाचं आहे, असं ते श्रावणीला म्हणाले. नाव जाईल, गजभियेंचंच जाईल. मग ते दीपमालाकडे वळले.

“पण मी शिष्यांना चुकीचं शिकवलं, ते मला कारणासकट दुरुस्त करावं लागेल. खाली टीप येईल. पहिल्या गायिकेने, म्हणजे रचनाकाराच्या मुलीने, ही बंदिश खोटं सांगून सादर केली. तुझ्या नावासकट. चालेल?”

“आजोबा, रहने दीजिए ना,” श्रावणी हळूच म्हणाली.

“छापा,” दीपमाला म्हणाली.

दीड महिन्याने पुस्तक आलं. श्रावणीने पहिली प्रत तिच्या ऑफिसात आणून दिली. पान एकशे बारा. वर ठळक अक्षरात ‘रचना : बाबाराव गजभिये, सिलतरा’. तळाला बारीक अक्षरात ती टीप, गंगाधररावांनी सांगितली होती तशीच, शब्द न शब्द. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी कौतुकाने पुस्तक ओढून घेतलं, वाचलं, आणि मिटून परत ठेवलं. दुपारपर्यंत सगळ्या ऑफिसाला कळलं होतं.

दीपमालाने पुस्तक पुन्हा उघडून त्या नावावर बोट फिरवलं. बाबा असते तर, तिला वाटलं, वरच्या नावाकडे त्यांनी पाहिलंही नसतं. काळं पेन मागून घेतलं असतं आणि छापल्या तेवढ्या प्रती पुढ्यात घेऊन, एकेकीतली खालची ओळ खोडत बसले असते.