पुलाखालून जाण्यापुरतं वजन

सकाळी आठला फोस्काचा फोन आला. फोस्का म्हणजे माझ्या बहिणीची शेजारीण. "निव्हेस, एल्डा आज घर सोडतेय. मालकाला तिथे पर्यटकांसाठी खोल्या काढायच्यात. सामानाची होडी दहाला निघणार. ही कायमची चालली उदिनेला, पुतण्याकडे."

"आणि हे मला आज सांगतेस?"

"मला तरी तिनं काल सांगितलं. होडी पुढे कुठे लागणार तेही विचारू दिलं नाही. तुझं नाव काढलं की दार आपटते!"

आपटणारच. सात वर्षांपूर्वी आई गेली आणि मी व्हेनिस सोडून पाण्यापलीकडे मेस्त्रेला लिफ्टवाल्या घरात राहायला गेले. एल्डा चारचौघांत म्हणाली, "आईची माती ओली आहे तोवर पळालीस." मग मीही सोडते होय? "बस तू इथंच शेवाळात कुजत," म्हणाले. तेव्हापासून ती माझा फोन उचलत नाही. आता त्या पुतण्याकडे चालली, जो नाताळला साधं कार्ड पाठवत नाही. आणि माझ्याकडे एक खोली रिकामी पडलीय. ती निघायच्या आत मला एवढंच सांगायचं होतं की चुकलं माझं, माझ्याकडे ये.

दहा म्हणजे दहाच, कारण पाणी थांबत नाही. एल्डाच्या घराजवळचा पूल बुटका. भरती चढली की भरलेली होडी खालून जात नाही.

बसनं गावाच्या तोंडाशी उतरले तेव्हा नऊ वीस झाले होते. पाण्यातल्या बससाठी ही रांग! सगळ्यांच्या हातात चाकांच्या बॅगा. म्हटलं, मरू दे, चालत अर्ध्या तासात पोचते.

इथं कोपऱ्याकोपऱ्यावर बाणांच्या पिवळ्या पाट्या आहेत. त्या पाहुण्यांसाठी. इथं जन्मलेलं माणूस पाटी वाचताना दिसलं तर गल्ली आठवडाभर हसेल. आम्ही दुकानांवरून चालतो. आतडी विकणाऱ्या खाटकापाशी डावीकडे, बटणवालीपाशी उजवीकडे, चीजवाल्यापासून सरळ. आतडीवाल्याच्या जागी मुखवट्यांचं दुकान निघालं. ठीक आहे, भिंत ओळखली. पण बटणवालीच्या जागीही मुखवटे, पुढेही मुखवटे, आणि मी ठसक्यात वळले ती भलत्याच बोळात. बोळ संपला तिथं पाणी. काठावर एक परदेशी जोडपं गोंधळून उभं होतं. त्या पोरीनं मोबाइल पुढे केला. "हरवलात?"

"मी इथलीच आहे," मी खेकसले आणि मागे फिरले. डोळ्यांत पाणी आलं होतं. जिथं डोळे मिटून चालायचे त्याच गावात मी चुकले होते, आणि घड्याळात दहाला पाच कमी.

मग मी पाटी वाचली. इकडेतिकडे बघून घेतलं, कुणी ओळखीचं नव्हतं, आणि वाचली. त्यानंतरच्या सगळ्या पाट्या वाचत, धापा टाकत, लोकांना कोपरं मारत पळाले. एकसष्टाव्या वर्षी!

पोचायला साडेदहा झाले. फोस्का खिडकीतून ओरडली, "गेली गं! आत्ताच! पुलाकडे पळ!"

पुलापाशी होडी अडली होती. दक्षिणेचा वारा सुटला होता, पाणी वेळेआधीच चढलं होतं. आईचं अक्रोडाचं कपाट कमानीच्या चार बोटं वर येत होतं. बाजूला खुर्चीत एल्डा, पाठ ताठ, मांडीवर पर्स. नावाडी तूल्यो पुलावरच्या लोकांना हाका मारत होता, "फुकट सैर कोण करणार? या, होडी खाली दाबायचीय! जाडे आधी!" आमच्याकडे ही जुनी रीत, नाही कुणी म्हणत नाही. मासेवाला आणि दोन हमाल चढले. होडी बसली, पण दोन बोटं राहिलीच.

"मी येते!" मी काठावरून ओरडले.

"वजन किती, बाई?"

"ऐंशी."

एल्डानं मान वळवली. मला नखशिखांत पाहिलं आणि तूल्योला म्हणाली, "थापा मारतेय. चौऱ्याऐंशीच्या खाली नाही ती."

सात वर्षांत तिच्या तोंडून माझ्याबद्दल निघालेलं हे पहिलं वाक्य. मी चढले. होडी आणखी खाली गेली. "डोकी सांभाळा!" तूल्यो ओरडला आणि आम्ही सगळे वाकून अंधारात शिरलो. कपाट दगडाला खरडत होतं. एल्डाचा कान माझ्या तोंडापासून वीतभर होता.

"एल्डा, ते शेवाळाचं मी बोलायला नको होतं. चुकलं माझं. उदिनेला जाऊ नकोस. माझ्याकडे खोली आहे. तू नसलीस की मला करमत नाही गं."

आम्ही उजेडात आलो.

"झालं काम! भरीची माणसं उतरा," तूल्योनं होडी पायऱ्यांना लावली. मासेवाला उतरला, हमाल उतरले. एल्डा समोर पाण्याकडे बघत होती. मी मनात म्हटलं, संपलं. एक पाय पायरीवर ठेवला.

"तिला उतरवू नका," एल्डा म्हणाली. "पुढे अजून दोन पूल आहेत."

"ते उंच आहेत, बाई. तिथं वजन लागत नाही."

"असू देत," ती म्हणाली, आणि खुर्चीत सरकून अर्धी जागा मोकळी केली.

मी बसले आणि भोकाड पसरलं.