पेन्सिलची फुली

फुली अगदी बारीक होती, पेन्सिलची—कराच्या कागदावर नीवेसने सही कुठे करायची ते दाखवायला तिचा नवरा एर्मेस दरवर्षी करायचा तशी. अकरा वर्षं ती डोळे झाकून त्या फुलीवर सही करत आली होती, हात कधी पिठात, कधी आजच्यासारखे हिरव्या शेंगांत... आज पेन उमटेना, म्हणून तिने चष्मा लावला आणि फुलीशेजारची चौकट वाचली गेली.

आपल्या करातले दर हजारामागे दोन युरो कुठल्या राजकीय पक्षाला जावेत, ते सांगायची चौकट. आत नवऱ्याच्या अक्षरात पक्षाची खूण, एक अक्षर आणि दोन आकडे. ही खूण कुठे पाहिली होती? शेंगांची टरफलं तिने बाजूला सारली. खाली अंथरलेल्या प्रचारपत्रकावर तीच खूण, ठसठशीत—सही करा, तुमचा खर्च शून्य.

याच लोकांनी खोऱ्यातला बाळंतपणाचा वॉर्ड बंद केला होता. बाळंतपणं फार होत नाहीत, परवडत नाही, म्हणे. आणि मग तो जानेवारी, लेक साबीना मागच्या सीटवर कण्हत होती, बाहेर बर्फ, तेराव्या वळणावर गाडी थांबली आणि नीवेसच्या ओंजळीत नात... निळी, गप्प. गाडी एर्मेस चालवत होता. म्हणून तेव्हापासून ती त्याला सांभाळत आली, त्याच्यापुढे नातीचा विषयसुद्धा काढला नाही.

"झालं का गं? सहाला कचेरी बंद होते. दोघांचे कागद एकाच पाकिटात जायचेत, तुझ्यामुळे अडलंय."

"हे तू लिहिलंस?"

एर्मेसने चौकटीकडे पाहिलं, मग खिडकीकडे. "ते रस्ता सरळ करणार आहेत. वळणं काढून टाकणार."

"अकरा वर्षांत एक तरी वळण गेलं का रे?"

"आपल्या खिशातून काय जातंय? कर तर भरायचाच असतो. एक सेंटसुद्धा जास्त नाही."

एक सेंटसुद्धा नाही! निवडणुकीत चौकातल्या मंचावर माइक धरून हसणारा त्यांचा तो गुळगुळीत माणूस, त्याची पोस्टरं, त्याचे कर्णे—सगळ्यात माझं काहीतरी होतं. माझं! शाळेत बाईंनी कौतुक केलेली माझी गोल, नेटकी सही, दरवर्षी, न वाचता... संताप नवऱ्याचा यायला हवा होता. आधी आला तो त्या सहीचा, आणि मग मात्र त्याचाही आला, चांगला सणसणीत.

तिने ओल्या अंगठ्याने फुली पुसली. ती गेली नाही, फासली गेली.

"अगं, कागद खराब होतोय!" तो गाडीची किल्ली घेऊन दारात उभा होता, खांदे पाडून, त्या दिवशी वळणावर उभा होता तसाच.

"थांब," ती म्हणाली.

तो थांबला. पुढे काय करायचं ते तिला ठाऊक नव्हतं. ती त्या पडलेल्या खांद्यांकडे बघत राहिली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिला त्याची कीव आली नाही.