दुसरी बाही

बायको गेल्यापासून त्याला कशाचाच उरक राहिला नव्हता. उठायचं, चहा करायचा, निम्मा तसाच ठेवून कामावर जायचं. एकच गोष्ट त्याने मनावर घेतली होती. ती त्याच्यासाठी विणत होती तो स्वेटर पुरा व्हावा, आणि तिने आणलेल्या लोकरीतच व्हावा. पाठ, पोट आणि एक बाही तिच्या हातची झाली होती. दुसरीसाठी तिची धाकटी बहीण रविवारी यायची.

धाकटीने खांद्याशी टाके उचलले आणि लोकरीचा गुंडा हातात घेऊन पाहिला.

"भावोजी, ही पुरायची नाही. आणि हा रंग आता मिळत नाही. सगळी दुकानं पालथी घातली मी."

"पुरेल. बाहीला किती लागते? सगळ्या स्वेटरचा पाचवा हिस्सा, तूच म्हणालीस. सगळी लोकर तिने एकाच गुंड्यात गुंडाळली होती, तेव्हा तो या पातेल्यात काठोकाठ बसायचा. आता रुंदीला निम्मा झालाय. म्हणजे पाव उरली."

"निम्मा झाला तर निम्मी नाही का?"

"गोळ्याचं तसं नसतं. उगाच का केस पांढरे केले मी?"

"केस राहिलेत कुठे?" ती म्हणाली. "ताई म्हणायची ते खरं. यांना साधं विचारावं, तर हे कारखानाच उघडून बसतात."

तो हसला नाही, पण त्याला बरं वाटलं.

त्याचा कारखाना म्हणजे धातूवर मुलामा चढवायचा. जिन्याच्या कठड्यावर बसवायचे भरीव पितळी गोळे यायचे, ते टाकीत सोडून त्यांच्यावर क्रोम चढवायचा. गोळा दुप्पट रुंद, तर पृष्ठफळ चौपट, म्हणून वीजही चौपट लावायची. हे त्याच्या हातात इतकं मुरलं होतं की कागद लागत नसे.

बुधवारी माल आला. नेहमीचा हमाल रजेवर होता, म्हणून खोकी त्यालाच उचलावी लागली. कंबर धरली. एका हातात एक इंची गोळा आणि दुसऱ्यात दोन इंची घेऊन तो टेकला, आणि तसाच बसून राहिला. मोठा फारच जड होता. चौपट जड नव्हता, त्याहून कितीतरी जास्त. त्याने मोठा तराजूच्या एका पारड्यात ठेवला आणि दुसऱ्यात लहान टाकत गेला. चारांनी पारडं हललंसुद्धा नाही. आठवा टाकला तेव्हा काटा मध्यावर आला.

मग त्याने खोक्यावरच खडूने मांडलं. पृष्ठफळ म्हणजे चार गुणिले पाय गुणिले त्रिज्येचा वर्ग. घनफळ म्हणजे चार तृतीयांश गुणिले पाय गुणिले त्रिज्येचा घन. रुंदी दुप्पट झाली की वर्गात चौपट होतं, घनात आठपट. मुलाम्याला फक्त वरच्या सालीशी काम. लोकर तर आतपर्यंत भरलेली असते. म्हणजे पाव नव्हे, आठवा हिस्सा उरला होता. बाहीला पाचवा हवा.

"काय रे, माल कमी आला का?" शेजारच्या टाकीवरच्या जोडीदाराने विचारलं.

"माल बरोबर आहे," तो म्हणाला आणि खडूने मांडलेलं पुसून टाकलं.

पुढच्या रविवारी त्याने सांगायच्या आधीच धाकटीला कळलं होतं. बाही कोपराखाली जेमतेम पोचली होती आणि लोकरीचं टोक तिच्या बोटांत लोंबत होतं.

"चूक माझी," तो म्हणाला. "मी सालीचा हिशेब केला."

"असू दे. एक करू या. ताईची बाही खालून थोडी उसवते, ती लोकर इकडे घेते. दोन्ही सारख्या आखूड होतील. नीट दिसेल."

"नाही." तो इतक्या जोरात म्हणाला की दोघंही दचकली. मग हळू म्हणाला, "तिचा एक टाकाही उसवायचा नाही."

"मग एक हात उघडा ठेवून फिरणार?"

"दुसरी लोकर लाव."

"जोड दिसेल, भावोजी. तुमच्यासारख्या माणसाला खुपेल तो."

"दिसू दे. आता नाही होत माझ्याच्याने झाकपाक."

धाकटीने डोळे पुसले आणि सुया खाली ठेवल्या. "बरं. येताना घेऊन येते. रंग कुठला आणू?"

त्याने तोंड उघडलं. शर्टाचा रंग, पडद्याचा रंग, या भिंतीचा रंग, सगळं बायकोनेच ठरवलेलं. धाकटी वाट पाहत होती.

"मला नाही गं सुचत," तो म्हणाला. "तूच बघ."

"नाही. घालायचा तुम्हाला आहे. पायात चपला घाला, दुकानात जाऊ."

 तो चपला शोधायला उठला.