तेलाचा अर्ज

मित्रांनो, कोर्टात फक्त माणसंच अडकतात असं तुम्हाला वाटत असेल, तर जरा इकडे या. या कुलूपबंद खोलीत, सायकली आणि पितळी हंड्यांच्या मागे, पोत्याखाली मी बसले आहे. मी एक जुनी शिलाई मशीन आहे. इथे मला मुद्देमाल म्हणतात, म्हणजे गुन्ह्यात सापडलेली वस्तू. गुन्हा मी केलेला नाही, हे आधीच सांगून ठेवते!

माझा जन्म लुधियानाचा. काळा चकचकीत रंग, त्यावर सोनेरी वेलबुट्टी. काय रुबाब होता माझा! उल्हासनगरच्या एका सिंधी शेठच्या दुकानातून गयाबाईंनी मला अंबरनाथला नेलं. त्यांचे यजमान वारले होते. कारखान्यात कोणाची बोलणी खायची नाहीत, घरीच शिवायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. परकर, पोलकी, शाळेचे गणवेश, सगळं आम्ही दोघी शिवायचो. चौदा एप्रिलच्या आधी वस्तीतल्या पोरींचे पांढरे फ्रॉक शिवताना तर मी नुसती पळत सुटायचे. रविवारी गयाबाई माझ्या अंगात तेल सोडायच्या. शेजारणी म्हणायच्या, हिची मशीन गाते गं बाई. खरंच गायचे मी.

शहाऐंशी साली नाथा नावाच्या चोराने कुलूप तोडून मला पळवलं आणि एका जुन्या सामानाच्या दुकानात विकलं. पोलिसांनी मला लगेच शोधूनही काढलं. गयाबाई धावत आल्या, तर हवालदार म्हणाले, मशीन कोर्टात जाणार.

"चोराला न्या की साहेब. मशीन कशाला?"

"पुरावा आहे ना, मावशी."

पुरावा! मला तर ऐटच वाटली. माझ्या चाकाला चिंधी गुंडाळून त्यावर लाखेचं सील मारलं, तेव्हाही मला तो दागिनाच वाटला. किती वेडी मी!

कोर्टात दुकानदार म्हणाला, मी पैसे मोजून घेतली, मशीन माझी. मग ठरलं, मालक ठरेपर्यंत मशीन कोणालाच द्यायची नाही. झालं! तारखा सुरू झाल्या. गयाबाई प्रत्येक तारखेला पिशवीत तेलाची कुपी घेऊन यायच्या आणि या खोलीचे कारकून रामभाऊ यांना विनवायच्या.

"घरी नका देऊ, भाऊ. पण तेल तरी घालू द्या. उभी मशीन जाम होते."

रामभाऊ वाईट नव्हते. छत गळायला लागलं तेव्हा माझ्यावर पोतं त्यांनीच टाकलं. पण सील तुटलं तर नोकरी जाईल, म्हणून ते मान हलवायचे.

शेवटी गयाबाईंचे वकील भीमराव यांनी अर्ज केला, मशीनला तेल घालायची परवानगी मिळावी. न्यायाधीश साहेबांनी तो दोनदा वाचला.

"मागणी रास्त आहे," ते म्हणाले. "समोरच्यांचं म्हणणं येऊ द्या."

समोरचे वकील, म्हणजे दुकानदाराचे, त्यांनी मुदत मागितली. पुढच्या तारखेला ते दुसऱ्या कोर्टात होते. त्याच्या पुढच्या तारखेला म्हणाले, तेलाने पुराव्याचं रूप बदलेल. गंजाने बदलत होतं, त्याचं काय? पण पुराव्याला बोलायची परवानगी नसते, मित्रांनो. निर्णय व्हायच्या आधीच साहेबांची बदली झाली. नवे साहेब आले, त्यांनी सगळं पहिल्यापासून वाचायला घेतलं. तेही चांगलेच होते. सगळेच चांगले होते. माझी सुई मात्र आतल्या आत गंजत होती.

परवानगी मिळाली तेव्हा एक्याण्णव साल उजाडलं होतं. रामभाऊंनी सील काढलं. गयाबाईंनी पदराने मला पुसलं आणि तेल सोडलं. ते आत गेलंच नाही, गंजावरून ओघळून खाली आलं. त्यांनी चाकाला हात घातला. मी सगळा जीव लावला, शपथ. चाक तसूभर हललं नाही. रामभाऊंनीही जोर लावून पाहिला.

भीमराव म्हणाले, "गयाबाई, धीर धरा. आता निकाल आपल्याच बाजूने लागेल."

"लागू द्या, वकीलसाहेब. मी आनंदनगरच्या कारखान्यात लागलेय, पॅकिंगला. तारखेला आले की खाडा पडतो, आणि सुपरवायझर चार लोकांत बोलतो."

कुपी त्यांनी तिथेच ठेवली आणि निघून गेल्या. मागे वळून पाहतील असं मला वाटलं होतं.

मित्रांनो, जपणं म्हणजे कुलूप लावणं नव्हे. दुसऱ्याची चालती वस्तू ताब्यात घ्याल, तर ती चालती ठेवा. आणि तुमच्यातलं कोणी उद्या काळा कोट घालणार असेल, त्या मोठ्या खुर्चीत बसणार असेल, तर समोरची बाई थेंबभर तेल मागते तेव्हा तिला पुढची तारीख देऊ नका.

त्र्याण्णव साली निकाल लागला. मशीन गयाबाईंचीच, असं साहेबांनी वाचून दाखवलं. मी जिंकले! घेऊन जा, अशी नोटीसही गेली. अजून कोणी आलेलं नाही.