बसव्वाचा थोरला

मी एक जुना वरवंटा आहे आणि मला पाळण्यातून बाहेर काढण्यात आलं आहे. पण मित्रांनो, ते मी विसरलो. तसं काही घडलंच नाही. आपण पहिल्यापासून सुरू करू.

येडू पाथरवटाने मला काळ्या दगडातून घडवलं. करमाळ्याच्या जत्रेत चनबसप्पाने मला पाट्यासकट घेतलं आणि सोलापुरात, गिरणीजवळच्या आपल्या खाणावळीत आणलं. तिथे बसव्वा वाटण करायची. नऊ वर्षं रोज सकाळी तिने लसूण, मिरची, खोबरं माझ्याखाली घातलं. काम संपलं की ती मला धुवायची, पुसायची. पाट्याला नुसतं धुवायची. हा फरक मी लक्षात ठेवला. गिरणीचे कामगार बोटं चाटून म्हणायचे, "बसव्वाच्या हाताला लई चव हाय." माझं नाव कुणी घेतलं नाही. मी मनाला लावून घेतलं नाही, फक्त वर्षं मोजली.

चौऱ्याहत्तर साली बसव्वाचं पोट वाढू लागलं. मला वाटलं, भाकरी जास्त होते. मग एक दिवस ती मालकाला म्हणाली, "अण्णा, बाळंतपनाचं तीन महिने येनं व्हनार न्हाय. माजी जागा ऱ्हाईल न्हवं?"

"ऱ्हाईल की," चनबसप्पा म्हणाला.

गिरणीतल्या बायांना अशी रजा कायद्याने मिळायची. आमच्या खाणावळीत कायदा म्हणजे चनबसप्पाची आई, अक्कम्मा. ती म्हणाली, "मग वाटनार कोन? तू?"

तो वाटायला बसला. पहिल्याच दिवशी त्याने स्वतःचा अंगठा वाटला. चटणीला रंग मात्र चांगला आला.

इकडे बसव्वाला मुलगी झाल्याची बातमी आली. ना ओळख ना पाळख, तोंडात एक दात नाही, मिरची वाटायची अक्कल नाही, आणि बसव्वा तिला दिवसभर मांडीवर घेते म्हणे. मला नऊ वर्षांत एकदाही घेतलं नव्हतं. मी सूड घ्यायचं ठरवलं.

शनिवारी अक्कम्माने सांगोल्याची गोजाबाई आणली. ती म्हणाली, "मी वाटून दावते. पन ठेवायचं तर कायमचं ठेवा. तीन महिन्याच्या कामाला मी न्हाय." त्या दिवशी मी जीव ओतला. चटणी लोण्यासारखी उतरली.

"हीच ऱ्हाऊ दे," अक्कम्मा म्हणाली. "बसव्वाला निरोप धाड."

चनबसप्पा अंगठ्याच्या चिंधीकडे बघत बसला. "सोमवारपासून ये," तो गोजाबाईला म्हणाला, "मग बघू." बसव्वाची जागा गेल्यात जमा होती. मी खूश होतो. दगड खूश झालेला कुणाला कळत नाही, ही एक सोय आहे.

रविवारी बारसं होतं. बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटा ठेवायची रीत आहे. बसव्वाने मलाच मागवून घेतलं आणि चनबसप्पा मला घेऊन तिच्या घरी गेला. तिने मला तेल चोळलं, टोपडं घातलं, काजळाचं बोट लावलं आणि मांडीवर घेतलं.

"काळा हाय गं," शेजारीण म्हणाली.

"असू दे. थोरला हाय माजा," बसव्वा म्हणाली. "ह्येच्या जिवावर तर घर चाललंय." मग ती चनबसप्पाकडे वळली. "अण्णा, तीन महिन्यानं येते बरं का."

चनबसप्पा हातातल्या घुगऱ्या मोजू लागला.

मला पाळण्यात ठेवलं. झोका दिला. जन्मात पहिल्यांदा माझा डोळा लागला. तेवढ्यात मला उचललं आणि तिला ठेवलं. (हे घडलं नाही, असं आपलं ठरलं आहे.)

पण थोरला म्हटलं की जबाबदारी आली. सोमवारी गोजाबाई बसली तेव्हा मी एक मिरची फोडली नाही. लसणाच्या अख्ख्या पाकळ्या गिऱ्हाइकांच्या ताटापर्यंत सुखरूप पोचवल्या. दुपारी गोजाबाई पदर झटकून उठली. "ह्यो दगुड मला वळंना. तुमचा तुमाला लखलाभ."

"आता रं?" अक्कम्माने विचारलं.

"आता मीच," चनबसप्पा म्हणाला. "शब्द दिलाय तिला." आणि त्याने दुसरा अंगठा कामाला लावला.

लोकांनी तीन महिने भरड चटणी खाल्ली. दोघे जण दुसरीकडे जेवायला गेले. पण जागा राहिली. ठरल्या दिवशी बसव्वा आली, पोरीसकट. अक्कम्मानेच पाळणा आढ्याला टांगला, नेमका माझ्या डोक्यावर. आता बसव्वा पायाने दोरी ओढते आणि हातांनी मला. पोरगी रडली की हात थांबतात. मी कितीही खरखर केली तरी पाय थांबत नाही. मी रोज करून बघतो.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा. पाट्याला वर्षातून एकदा टाकी लावून घ्या, राबणाऱ्या बाईची जागा राखा, आणि एवढा अर्ज योग्य त्या कचेरीत पोचवा:

"मेहेरबान साहेबांचे सेवेशी. अर्जदार वरवंटा हा सदर बालिकेपेक्षा नऊ वर्षांनी ज्येष्ठ असून त्याने आजवर एकही रजा घेतलेली नाही. तरी दर मंगळवारी, जेवणावळ उरकल्यावर, अर्जदारास अर्धा तास पाळण्यात ठेवण्याचा हुकूम व्हावा. टोपडे जुने चालेल. झोका बसव्वाबाईंनीच द्यावा. बदली बाई चालणार नाही."