थांबायचा हात

बंदरातल्या तीन नंबरच्या क्रेनवर निम्मं आयुष्य काढलेल्या मावशींना अठ्ठावन्नाव्या वाढदिवशी कंपनीने पुष्पगुच्छ दिला आणि केबिनची किल्ली काढून घेतली. बायकांनी अठ्ठावन्नला घरी जायचं, पुरुषांनी त्रेसष्टला, असा देशाचा कायदा होता. पुरुषांचे गुडघे पाच वर्षं उशिरा कुरकुरतात, असा संसदेचा समज असावा.

सगळं बंदर त्यांना मावशी म्हणे. वकील असलेल्या भाचीच्या तर त्या खरोखरीच्या मावशी. तिने दावा ठोकला. देशाने शेजारी देशांबरोबर एक करार केला होता आणि नोकरीत बाई-पुरुष असा भेद करायचा नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. सही करताना मंत्र्यांनी फोटो काढून घेतले होते. वाचायचं तेवढं राहून गेलं.

खालच्या कोर्टातल्या न्यायाधीशांनी करारातल्या देशांच्या सामायिक न्यायालयाला थेट प्रश्न पाठवला. उत्तर यायला वर्ष उलटलं, पण स्वच्छ आलं: असा भेद करारात बसत नाही.

"जिंकलो!" मावशी म्हणाल्या.

"अजून नाही गं. ते नुसता अर्थ सांगतात. निकाल इथल्याच साहेबांनी द्यायचा."

आणि इथल्या साहेबांना घाम फुटला होता. "कायदा अजून पुस्तकात आहे," ते म्हणाले. "तो काढायचा संसदेने, नाहीतर सर्वोच्च न्यायालयाने. मी पडलो खालचा माणूस. थोडं थांबू."

"काढू नका, साहेब," भाची म्हणाली. "पुस्तकात राहू दे सुखाने. या दाव्यापुरता बाजूला ठेवा. देशाचा कायदा कराराच्या आड आला, तर कुठल्याही न्यायाधीशाने हेच करायचं. वर विचारत बसायचं नाही."

कंपनीचे वकील हसले. "म्हणजे उद्या कोर्टाचा शिपाईही कायदे बाजूला ठेवणार!"

मावशी ताडकन उठल्या. "आणि थांबायचं कुठवर? मी त्रेसष्टची होईपर्यंत? मग काय, तुमचा पुरुषांचा कायदाही मला घरीच..."

न्यायाधीशांनी तळहात वर केला. मावशी जागच्या जागी गप्प. भाचीने वळून पाहिलं. कोणाच्या सांगण्यावरून मावशी गप्प बसल्याचं घरात कोणालाच आठवत नव्हतं.

हात खाली आला तशा त्या म्हणाल्या, "साहेब, क्रेनवर उचल, फिरव, हे मला एकटा मुकादम सांगतो. दुसऱ्या कोणाचं मी ऐकत नाही. पण थांबायचा हात कोणीही करावा, तुमच्या शिपायानेसुद्धा. मुकादमाला विचारून थांबले, तर तोवर खालचा माणूस चिरडला जातो. आज खाली मी उभी आहे. मला गप्प करायला तुम्ही कुणाला विचारलं नाहीत. आता कोणाची परवानगी हवीय?"

साहेबांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं, जणू तो आजच मिळाला होता. मग बढतीला मनातल्या मनात नमस्कार करून त्यांनी निकाल सांगितला: कायदा बाजूला, मावशी कामावर.

सोमवारी मावशी शिडी चढल्या. पहिला कंटेनर अधांतरी असताना खालून मॅनेजर धावत आले, हात वर करून. मावशींनी क्रेन थांबवली. नियम म्हणजे नियम.

"आम्ही अपील करणार आहोत!" मॅनेजर ओरडले.

"करा की!" वरून आवाज आला. "पण आधी बाजूला व्हा. डोक्यावर वीस टन आहेत."