छाती बेचाळीस, उजवा खांदा खाली

सिनेमावाल्यांची मापं आली त्या सकाळी मी कात्री टेबलावर ठेवली आणि आधी खुर्ची गाठली. छाती बेचाळीस, कंबर चाळीस, आणि खाली पेन्सिलीनं लिहिलेलं: उजवा खांदा अर्धा इंच खाली. तीस वर्षं जाड कापड कापलं की खांदा असा उतरतो. ते माप माझं होतं. वर लिहिलं होतं, ‘घरातला विटका गाऊन, पात्र आई.’

अक्षर माझ्या लेकीचं.

लेक गेल्या वर्षी काडीमोड घेऊन घरी आली. माणसं अशा वेळी रडतात, झोपून राहतात. हिनं प्रसिद्ध व्हायचं ठरवलं. म्हणाली, “आई, त्या घरातल्या सगळ्यांनी एकदा तिकीट काढून मला बघायला रांगेत उभं राहिलं पाहिजे.” मग काय काय केलं! साबणाच्या जाहिरातीत गेली, तर त्यात नुसता कोपर दिसला, तोही फेसात. एका दुकानाच्या उद्घाटनाला ठरलेली नटी आली नाही म्हणून हिच्या हातात कात्री दिली. फीत कापून वळते तोच एका बाईनं विचारलं, “संडास कुठे आहे हो?” हे सगळं ती हसत हसत सांगायची आणि फोनवर त्याचे व्हिडिओ काढून लोकांना दाखवायची. ते एका दिग्दर्शिकेनं पाहिलं आणि म्हणाली, यावर विनोदी सिनेमा काढू, नायिका तूच. घटस्फोटानंतर नावामागे धावणाऱ्या बाईची गोष्ट. कपडे आमच्याच दुकानात शिवायचे.

“तुझ्यासारखं फिटिंग कोणाला जमतं?” लेक म्हणाली होती. मी लगेच ओळखायला हवं होतं. ही मला लोणी लावते तेव्हा मागे काहीतरी असतंच.

त्यांची ती पटकथेची जाडजूड वही वाचत बसायचा मला धीर नाही. पण कपड्यांवरून गोष्ट कळते. दोन बॅगा घेऊन दारात उभी राहणारी नायिका, तिचा चुरगळलेला कोट, आणि आईचा गाऊन. दोन्ही एकाच प्रसंगाचे.

तो प्रसंग मला माहीत होता. लेक आली तेव्हा भर दुपार होती. समोरच्या घरातल्या बायका खिडकीत लोंबत होत्या. मी पुढचं दार उघडलं नाही. खिडकी बोटभर उघडून म्हटलं, “मागच्या बोळातून ये. लोक बघतायत.” पोरगी दोन बॅगा ओढत कचऱ्याच्या पिंपांमधून वळसा घालून आली. एका बॅगेचं चाक तिथेच तुटून पडलं. मी जेवायला वाढलं, ती जेवली. त्यावर आम्ही दोघी आजपर्यंत एक अक्षर बोललो नव्हतो. आता ते पडद्यावर दिसणार होतं, आणि गाव दात काढणार होतं.

गाऊन मात्र मी नीटच शिवला. आपली लाज निघणार म्हणून शिवण वाकडी घालणाऱ्यातली मी नाही.

चित्रीकरणाला मी स्वतः गेले, फिटिंगचं निमित्त काढून. आईचं काम करणाऱ्या जुन्या नटीला सगळे मावशी म्हणत. मावशी काडीसारखी. तिला कापूस बांधून बांधून माझा देह केला होता, खांद्यासकट. मला बघून ती म्हणाली, “तुम्हीच का त्या? जड आहात हो, घाम फुटला मला.”

“मी रोज वागवते,” मी म्हटलं. “तुम्हाला एका दिवसाचं काय झालं?”

मग प्रसंग सुरू झाला. लेक बॅगा घेऊन दारापाशी आली. मी पदार्थ करपायची वाट बघावी तशी श्वास रोखून बसले. आणि पुढचं दार धाडकन उघडलं! मावशी धावत बाहेर आली, लेकीला मिठी मारून म्हणाली, “बाळा, हे घर तुझंच आहे!”

माझा जीव भांड्यात पडला. लेकीनं मला झाकलं होतं.

पण हसलं कोणी नाही. तीनदा केलं, तीनदा तेच. दिवेवाला जांभई देत होता. दिग्दर्शिका म्हणाली, “बसत नाही हे. प्रसंगच काढून टाकू.”

लेकीचं तोंड एवढंसं झालं. सिनेमात तिला सगळीकडे धडपडायचं, पडायचं होतं. नीट उभं राहून दोन शब्द बोलायचे ते एवढ्याच प्रसंगात. तरी खरं काय झालं ते तिनं सांगितलं नाही. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला वाटलं, सुटले. ते सुटल्यासारखं वाटणं घोटभरच टिकलं. समोर माझा गाऊन, माझा खांदा, आणि आत भलतीच कोणीतरी देवमाणूस. एवढं वाईट फिटिंग मी जन्मात खपवून घेतलं नाही.

“असं झालंच नव्हतं,” मी म्हटलं.

“आई, राहू दे,” लेक पुटपुटली.

“काय राहू दे? खोटं शिवलंय ते, उसवा.” आणि मी दिग्दर्शिकेला सगळं सांगितलं. खिडकी, समोरच्या बायका, बोळ, पिंपं, चाक.

मावशीनं विचारलं, “खरंच बोळातून आणलंत?”

“हो. आणि वर म्हटलं, पावलांचा आवाज करू नको.”

पहिला दिवेवालाच फुटला. मग मावशी, मग सगळेच. लेक बॅगेवर बसून पोट धरून हसत होती, डोळ्यांतून पाणी. म्हणाली, “आई, तू चाकाचं पण सांगितलंस!”

“मग? तुला काय वाटलं, मी विसरले?”

“मला वाटलं, लोक तुला नावं ठेवतील.”

“ठेवू देत. तुझा प्रसंग जाण्यापेक्षा ते बरं.”

त्यांनी मागच्या गल्लीत पिंपं मांडली आणि पुन्हा चित्रीकरण केलं. मावशीनं खिडकीतून असं काही बघितलं, आधी बायकांकडे, मग लेकीकडे, की मलाच हसू आवरेना. कॅमेऱ्यामागच्या माणसानं मला दोनदा गप्प केलं. लेक पिंपांच्या मधोमध थांबून, मान ताठ करून आपले दोन शब्द बोलली, तेव्हा मात्र कोणी हसलं नाही. त्या वेळी हसायचं नव्हतंच.

संपल्यावर दिग्दर्शिका धावत आली. म्हणाली, शेवटी आईनं माफी मागितली तर प्रसंग किती छान बंद होईल.

“ती मी मागेन,” मी म्हटलं. “माझी मी. तुमच्या सिनेमात नको.”

घरी येताना मागितली. काय म्हटलं ते लेकीला माहीत आहे, तेवढं पुरे. घरी आल्यावर दोन घास खाल्ले आणि दुकान बंद ठेवून दुपारी आडवी झाले, ती थेट संध्याकाळी उठले. वर्षभरात अशी झोप लागली नव्हती. उठून बघते तर लेक समोरच्या बायकांना खिडकीतून ओरडून सांगत होती, सिनेमात तुम्ही पण आहात म्हणून. आणि त्या केस नीट करत होत्या.